बॅटरीचं माहेर

पारा पाच अंशांच्या खाली उतरला की निफाडकडच्या ट्रकांच्या बॅटऱ्या माहेरी जातात. सगळ्याच जातात असं नाही. ज्या घरी ऊब मिळते तिथल्या राहतात. जिथे मिळत नाही तिथे माहेरचं माणूस येतं, चहा घेतं आणि लेकीला घेऊन जातं. मोठ्या ट्रकांना दोन बॅटऱ्या असतात, त्या बहुतेक सख्ख्या बहिणी असतात आणि एकदमच जातात. मग त्या ट्रकवाल्याचे हाल कुत्रं खात नाही.

रावसाहेब डेर्ल्यांची गाडी लहान होती, तिला एकच बॅटरी होती. ती होती कोकणातली. गुहागरच्या अलीकडे कातळवेळ म्हणून गाव आहे, तिथे दत्ताराम मांजरेकर आणि त्यांची बायको माई पोफळीच्या बागेतल्या शेडमध्ये बॅटऱ्या तयार करत. वर्षाकाठी मोजक्याच करत, आणि गाडी बघून, माणूस बघून देत. रावसाहेबांच्या गाडीला दिली तेव्हा माईंनी तिच्या प्लसच्या बाजूला तोंड नेऊन हळूच काहीतरी सांगितलं होतं आणि पदर डोळ्यांना लावला होता.

पहिले काही हिवाळे रावसाहेबांनी नीट सांभाळले. बॅटरीच्या पेटीला आतून थर्माकोल, वरून गोणपाट, आणि पेटीत रात्रभर जळणारा एक पिवळा बल्ब. या वर्षी दिवाळीनंतर तो बल्ब उडाला.

"अहो, बल्ब," त्यांची बायको इंदुमती म्हणायची.

"लावतो," रावसाहेब म्हणायचे.

ते लावणार होतेच. पण थंडी काही सांगून येत नाही. एका रात्रीत पारा असा घसरला की पहाटे गावातल्या बागाईतदारांनी द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवल्या. सकाळी रावसाहेबांनी चावी फिरवली. गाडीनं 'टक्' केलं आणि ती गप्प झाली. त्यांनी पेटी उघडून हात लावला तर बॅटरी विहिरीतल्या दगडासारखी गार. त्यांनी घमेल्यात निखारे आणून गाडीखाली ठेवले, इंदूनं स्वतःची शाल आणून बॅटरीवर घातली. पण बॅटरी वरवर शेकून गरम होत नसते. तिला रात्रीची ऊब लागते, आणि ती रात्र निघून गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ताराम मांजरेकर दारात उभे. हातात कापडी पिशवी, काखेत छत्री. माहेरी कसं कळतं, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. कळतं.

त्यांनी पाणी घेतलं नाही. आधी गाडीपाशी गेले आणि कपाळाला लावावा तसा उलटा हात बॅटरीला लावून उभे राहिले. मग येऊन खाटेवर बसले.

"व्याही," ते म्हणाले, "घेऊन जातो."

"अहो, पण द्राक्षं तोडणीला आलीत," रावसाहेब म्हणाले. "किसन वडघुल्यांचा सगळा माल माझ्या गाडीवर जायचाय. मी आजच बल्ब लावतो."

"आज लावाल हो. तिला तो परवा हवा होता."

इंदूनं चहा केला. नंतर तिनं बॅटरी पुसून घेतली, प्लसवर हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घालून ओटी भरली आणि तिला शालीत गुंडाळलं. विहीण म्हणून करायचं ते सगळं तिनं केलं.

स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "सामान मागे टाका."

"सामान नाही," दत्ताराम म्हणाले. "लेक आहे. सासरहून माहेरी चाललीय."

कंडक्टरनं शाल जराशी बाजूला करून बघितलं. कुंकू बघितलं. "मग बाई झाली. अर्धं तिकीट. खिडकी देऊ?"

"नको. वारं लागायला नको."

"मग मधली घ्या," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं स्वतः हात देऊन तिला सीटवर बसवलं.

बस गेली. रावसाहेब चार पावलं चालून आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इंदू सोबत नाही. ती तिथेच उभी होती, बस वळली त्या रस्त्याकडे बघत.

"चल की," ते म्हणाले.

"चला," ती म्हणाली, पण जरा वेळानं हलली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गावातल्या बऱ्याच ट्रकांच्या बॅटऱ्या गेलेल्या होत्या आणि थंडी अशीच राहिली तर द्राक्षाच्या मण्यांना तडे जाणार होते. किसन वडघुले रोज यायचे. मोठे बागाईतदार, पण त्या दिवसांत त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"माझ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर लावून चालू करू," ते एकदा म्हणाले.

"परक्या घरची? आणि तीही चारचौघांत?" रावसाहेबांनी विचारलं.

वडघुले कानापर्यंत लाल झाले. "नाही, आपलं सुचलं म्हणून बोललो."

मग सगळ्यांनी मिळून धक्का मारून बघितला. गाडी मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि थांबली. तिच्या मनात नव्हतं.

शेवटी रावसाहेब पिंपळगावला बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं गाडीचं नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "पहिली आहे?"

"आहे."

"कुठंय?"

"माहेरी."

दुकानदारानं काढलेली बॅटरी परत फळीवर ठेवली. "हे बघा, पहिली वारली असती तर आत्ता दिली असती. रीतसर काडीमोड झाला असता तरी दिली असती. माहेरी गेलेली असताना मी दुसरी देत नाही. उद्या ती परत आली तर पेटीत कोण बसणार?"

रावसाहेबांना ते पटलं. पटलं म्हणून जास्तच वाईट वाटलं. घरी येऊन त्यांनी कातळवेळला फोन लावला. फोन माईंनी घेतला.

"बरी आहे हो आता," माई म्हणाल्या. "गरम पाण्यानं पुसली, डोकी घासून व्हॅसलीन लावलं. उन्हात बसलीय."

"मग कधी पाठवता?"

"पाठवता? पाठवायला ती पार्सल आहे का? न्यायला यायचं असतं, व्याही. आणि एकटे येऊ नका. घरातलं बाईमाणूस घेऊन या. नुसत्या पुरुषाच्या शब्दावर आम्ही लेक धाडत नाही."

तर दोघं निघाले. इंदूनं डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले, बेदाणे घेतले. म्हशीचं चारापाणी वडघुल्यांच्या घरी सांगून ठेवलं. मग कपाटासमोर उभी राहिली.

"काय नेसू?"

"बॅटरी आणायला चाललोय आपण."

"तिच्या माहेरी चाललोय," इंदू म्हणाली आणि तिनं ठेवणीतली डाळिंबी साडी काढली.

चिपळूण यायच्या आत तिनं स्वेटर काढला. खिडकीतून येणारा वारा कोमट होता. रावसाहेबांनी कानटोपी काढून खिशात कोंबली आणि आपण इतके दिवस खांदे आखडून बसलो होतो हे त्यांना तेव्हा कळलं.

मांजरेकरांच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, पाटावर बॅटरी बसली होती. अंगावर धुतलेला पंचा. जवळ गेलं की आतून बारीकसा बुडबुड आवाज येत होता.

"झोपेत बोलते," माई म्हणाल्या. "लहानपणापासूनची सवय आहे."

चहापोहे झाल्यावर ओटीवर बैठक बसली. दत्तारामांनी चष्मा लावला, पण प्रश्न माईंनी विचारले.

"पाणी किती दिवसांनी घालता?"

"महिन्यानं बघतो."

"कुठलं?"

"डिस्टिल्ड वॉटरच. एकदा संपलं होतं तेव्हा फिल्टरचं घातलं."

माईंनी दत्तारामांकडे बघितलं. दत्तारामांनी मान खाली घातली, जणू घालणारे तेच होते.

"रात्री कुठं निजते?"

"पेटीतच. गाडीला."

"उघड्यावर?"

"पेटी आहे ना."

"व्याही, ती पेटी तुमच्या निफाडात म्हणजे बर्फाचं कपाट. थंडीत तिला घरात घ्यायची. सिमेंटवर नाही, लाकडी फळीवर. आणि अर्धपोटी कधी निजवायची नाही. भरल्या पोटाच्या बॅटरीला थंडी बाधत नाही. गाडी बंद करायच्या आधी थोडा वेळ नुसती चालू ठेवायची, तेवढ्यात जेवून घेते ती."

"हो," रावसाहेब म्हणाले. त्यांनी एकेक गोष्ट मनात पक्की केली.

माई मग इंदूकडे वळल्या. "आणि विहीणबाई, तुमचं लक्ष कुठं होतं? तुम्ही माहेरी गेला होतात का तेव्हा?"

"मला माहेर नाही," इंदू म्हणाली.

भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. आईवडील कधीच गेले, भावानं घर विकलं आणि तो सुरतेकडे गेला, त्यालाही आता खूप वर्षं झाली. एवढं सांगून ती लाडवांचा डबा उघडायला लागली.

माईंनी डबा तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ओ, हिला बघा जरा."

दत्तारामांनी बॅटरी तपासायचा मीटर आणला. इंदूच्या एका हातात लाल वायर दिली, दुसऱ्या हातात काळी. "घट्ट धर गो," ते म्हणाले. काटा थोडा वर गेला आणि थांबला. त्यांनी मीटर हलवून बघितला, उन्हाकडे धरून बघितला.

"नऊ," ते म्हणाले.

रावसाहेब गाडीवाले होते. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते आणि अकराच्या खाली गेली की गाडी उठत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"मीटर बिघडला असेल," ते म्हणाले.

"मग तुम्ही धरा."

त्यांनी धरला. बारा पॉइंट सहा.

"तुम्ही मजेत आहात," दत्ताराम म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पण आपण मजेत असल्याची रावसाहेबांना जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. त्यांना एकेक दिवाळी आठवायला लागली. शेजारच्या बायका भाऊबीजेला पिशव्या घेऊन स्टँडकडे जायच्या आणि इंदू दारात उभी राहून त्यांना म्हणायची, सावकाश जा. ते त्यांनी दरवर्षी ऐकलं होतं.

"नऊवर गाडी जागची हलत नाही," ते हळूच म्हणाले. "ही घर कसं चालवते?"

"चालवतात बायका," माई म्हणाल्या आणि उठल्या. "चल गो आत. आधी तुझ्या डोक्याला तेल लावते."

सकाळी बॅटरी तयार होती. माईंनी तिला कुंकू लावलं, पंच्यात बांधलं आणि रावसाहेबांच्या हवाली केलं. इंदू पिशवी घेऊन बाहेर आली तशी माईंनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

"ही राहील."

"किती दिवस?" रावसाहेबांनी विचारलं.

"भरेपर्यंत."

"अहो, मी कशी राहू?" इंदू म्हणाली. "यांचा स्वयंपाक कोण करील? आणि म्हैस? ती दुसऱ्याला हात लावू देत नाही."

माई रावसाहेबांकडे बघत राहिल्या. इंदूही बघत होती, पण तिची नजर वेगळी होती. नाही म्हणतील हे तिला माहीत होतं आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती.

"मी बघतो म्हैस," रावसाहेब म्हणाले.

इंदू खाली ओटीच्या पायरीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिला आधी गूळ द्यावा लागतो. मग लाथ मारत नाही."

"देतो."

दत्ताराम त्यांना बसपर्यंत सोडायला आले. माई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बोलावलं की न्यायला या. येताना घरातलं बाईमाणूस आणा. नियम तोच."

"माई, घरात आता दुसरं बाईमाणूस नाही. मुलगा पुण्याला, त्याचं लग्न व्हायचंय."

"आहे की." माईंनी पंच्याची गाठ सारखी केली. "तुमची सून तुमच्या कडेवर आहे."

रावसाहेब सुनेला घेऊन घरी आले. सेल्फ मारताच गाडी उठली. वडघुल्यांनी गाडीसमोर नारळ फोडला, त्याच दिवशी तोडणी सुरू केली, आणि मण्यांना तडे जायच्या आत सगळा माल बाजारात पोचला. दिवसभर गाडी चालवून रावसाहेब परत आले की इंजिन जरा वेळ नुसतं चालू ठेवत. मग बॅटरी सोडवून, दोन्ही हातांनी उचलून, मधल्या घरात आणत. तिथे त्यांनी लाकडी फळी टाकली होती. वरून इंदूची गोधडी.

घर रिकामं होतं. रावसाहेब भाकरी थापायला शिकत होते आणि बॅटरीला सांगत होते. "ही बघ, ही गोल झाली." ती गोल नसे. म्हशीला रोज गूळ दिला तरी तिनं पहिले काही दिवस बादली उलथवली. तेही ते बॅटरीला सांगत. ती बारीक बुडबुडायची. झोपेतच असेल, पण त्यांना बरं वाटायचं.

इंदूला ते रोज फोन करत. सुरुवातीला ती फक्त विचारायची. म्हशीनं दूध दिलं का, मिठाची बरणी सापडली का, सुनेच्या अंगावर पांघरूण आहे का. मग हळूहळू विचारणं कमी झालं आणि सांगणं वाढलं. माईंनी घावन शिकवले. माईंनी अबोलीचा गजरा करायला शिकवला. आपल्याला पोहता येईल असं दत्तारामांचं म्हणणं आहे. एके दिवशी ती फोनवर आलीच नाही.

"खाडीवर गेलीय," माई म्हणाल्या. "तिसऱ्या, त्या शिंपल्या, काढायला. वाडीतल्या पोरीबाळींबरोबर."

"इंदू?"

"होय. गुडघाभर पाण्यात असते. हसते किती हो ती!"

रावसाहेब फोन हातात धरून बसून राहिले. इंदू किती हसते, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि ही परत आलीच नाही तर, असं त्यांच्या मनात आलं. बॅटऱ्यांचंही असं झालेलं त्यांनी ऐकलं होतं. चांदवडच्या एका ट्रकवाल्याची बॅटरी माहेरी गेली ती परत आलीच नाही. आईवडिलांनी तिला तिथेच, एका मच्छीमाराच्या होडीला दिली. ट्रकवाल्यानं तक्रार केली नाही. त्याला कारण ठाऊक होतं.

थंडी ओसरली. आंब्याला मोहोर आला. माईंचा फोन येईना आणि विचारायचं धाडस रावसाहेबांना होईना. रोज सकाळी ते बॅटरी गाडीला लावत आणि म्हणत, "तुझ्या आईला जरा आठवण करून दे की."

एक दिवस दुपारी फोन वाजला. माई एवढंच म्हणाल्या, "या."

रावसाहेबांनी गाडी धुतली. केबिनमधल्या सीटवर नवं कापड घातलं. बॅटरीच्या डोक्यांना व्हॅसलीन लावलं, कुंकू लावलं आणि ते सुनेला घेऊन सासूला न्यायला निघाले.

कातळवेळला पोचले तेव्हा इंदू अंगणात सुपारी पसरत होती. उन्हानं रापली होती. केसांत गजरा. ती धावत आली ती सरळ गाडीकडे. तिनं आधी पेटी उघडून बॅटरीला उलटा हात लावून बघितला.

"चांगली ठेवलीत," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही वाळलात."

ओटीवर बैठक बसली. या वेळी प्रश्न विचारायला माईंना सुचेना. त्या नुसत्या पदराशी चाळा करत बसल्या. दत्तारामांनी मीटर आणला. इंदूनं न सांगता दोन्ही वायरी घट्ट धरल्या.

"बारा पॉइंट आठ," दत्ताराम म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

"आमच्याकडे रोज जेवणात कोकम असतं, त्यानं चढतं थोडं," माई म्हणाल्या. "आठ राहणार नाही घाट चढल्यावर. साडेबाराच्या खाली जाऊ देऊ नका, व्याही."

"नाही जाऊ देणार."

"आणि गणपतीला पाठवा. थंडीची वाट बघू नका."

"मी आणून सोडीन," रावसाहेब म्हणाले. "दोघींना."

मग ओटी भरणं झालं, रडणं झालं, नारळ आणि सुकट आणि फणसाच्या पोळ्या गाडीत चढल्या. माईंनी इंदूच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय ते रावसाहेबांनी विचारलं नाही.

चिपळूण सोडल्यावर कुंभार्ली घाट लागला. इंदू बोलत होती. तिसऱ्या वाळूत कुठे लपतात, माईंचं लग्न कसं झालं, पाण्यावर उताणं पडलं की कान कसे भरून येतात आणि आभाळ कसं एकदम जवळ येतं. रावसाहेब गाडी चढवत होते आणि ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिचा आवाज मुळात एवढा मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

एका वळणावर ती मध्येच थांबली, वाकली, आणि स्टिअरिंगवर हात नेऊन तिनं हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. दरीतून तो परत ऐकू आला.

रावसाहेबांनी पुढे बघितलं, आरशात बघितलं. रस्ता मोकळा होता.

"कोण होतं?"

"कुणी नाही," इंदू म्हणाली आणि तिनं परत एकदा दाबला.